तान्हा पोळा, रात्री साडेदहा

दुपारी गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशी, मागायला दुकानात आली. त्यांच्या मागून मोठेबाबा. नातवाच्या बैलाची दोरी त्यांच्याच हातात, पण हात थरथरत होता. जांभईवर जांभई, नाकातून पाणी, आणि एवढ्या उकाड्यात दंडावर काटा. "पोरी, पाय रातभर जाग्यावर राहत नाही. पोटही चालू झालं. त्या पांढऱ्या गोळ्या दे नं वं." तीन दिवसांपूर्वी सुनेनं उरलेलं पाकीट उकिरड्यावर टाकलं, हे मागाहून कळलं.

ट्रामाडॉल, अफूच्या जातकुळीतली वेदनाशामक गोळी. कपाशीच्या फवारणीत पंप वाहून कंबर धरली, तेव्हा दहा दिवसांसाठी लिहून दिलेली. त्याला दीड वर्ष झालं. 2018 पासून ही गोळी अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे. त्यांच्या लेखी ती कमरेची गोळी, बस.

ती जांभई बघून मला एम. फार्म.चं वर्ष आठवलं. पांढऱ्या उंदरांना रोज दोनदा मॉर्फिन टोचायचं, मात्रा चढवत न्यायची आणि शेवटच्या दिवशी नॅलॉक्सोन. ते मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावतं, म्हणून एरवी दिवसांवर रेंगाळणारी तडफड काही मिनिटांत उसळते. काचेच्या नळकांड्यात उंदीर टणाटण उड्या मारतो. उड्या मोजत वहीत मी चार उभ्या रेघा, एक आडवी मारत बसायची. रेघा कमी झाल्या की तडफड कमी करायचं औषध लागू पडलं! चंदीगडच्या संशोधकांनी 1997 मध्ये अश्वगंधा देऊन उंदरांच्या उड्या कमी झाल्याचं छापलं होतं, तेव्हा आम्ही पोरी खूश. (नीमच-मंदसौरकडे अफू अन् अश्वगंधा दोन्ही पिकतात, यावर वर्गात बराच विनोद झाला.) पण ती अश्वगंधा पहिल्या दिवसापासून मॉर्फिनसोबतच चालू होती. दीड वर्ष गोळ्या खाल्लेल्या माणसाला आज चूर्णाची डबी देऊन काय होणार?

क्लोनिडीनचं तसं नाही. बीपीचं जुनं औषध. अफूची सवय तुटली की मेंदूच्या बुडाशी पेशींचा एक इवलासा पुंजका नॉरअॅड्रिनलिन भसाभसा सोडायला लागतो. त्यातूनच बराचसा घाम, थरथर, काटा. 1978 मध्ये उंदरांवर दिसलं की क्लोनिडीन त्या पेशींना गप्प करतं, आणि त्याच सुमारास माणसांनाही दिलं गेलं. त्याचा भाऊबंद लोफेक्सिडीन, त्याला अमेरिकेत मंजुरी मिळायला 2018 उजाडलं. पण दोन्ही बीपी पाडतात. मोठेबाबा तर आधीच जुलाबानं कोरडे पडलेत, ते औषध माझ्या काउंटरवरून द्यायचं नाही.

अन् उडी थांबली म्हणजे हवंसं वाटणं थांबलं, असंही नाही. ते बघायला उंदराला दांडी दाबून स्वतः औषध मिळवू देतात, मग बंद करतात आणि पुन्हा दांडीकडे जातो का बघतात. माझ्या उंदरांनी काहीच मागितलं नव्हतं, सुई मी टोचायची. मोठेबाबा मात्र दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, पोरं बोजारा घेऊन गेली तरी.

त्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं. उद्या सकाळच्या एसटीनं मुलगा यवतमाळला नेतोय, व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे.

शटर ओढल्यावर रजिस्टर काढलं. त्याच जुन्या चिठ्ठीवर ती पाकिटं आमच्याच दुकानातून गेलेली. सात वेळा. सातही ओळींत अक्षर माझं.