मिडाझोलम उतरवताना

मंगळवार, रात्री उशिरा

मिडाझोलम हे तपासणीआधी गुंगीसाठी दिलं जाणारं इंजेक्शन, फ्लुमाझेनिल हा त्याचा उतारा. फ्लुमाझेनिल शिरेत गेलं की एक-दोन मिनिटांत पेशंट डोळे उघडतो. सिस्टर हुश्श करतात, नातेवाईक आत डोकावतात. नेमकं याच वेळी मॉनिटरकडं पाठ फिरते. पण शुद्धीवर आलेला माणूस पुरेसा श्वास घेतोच असं नाही.

मिडाझोलममध्ये श्वासांची संख्या फसवते. मिनिटाला १६ भरतात, पण छाती जेमतेम हलते. फेंटानिल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची तऱ्हा उलटी: श्वास ६-८ वर येतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. एंडोस्कोपीत (दुर्बिणीची नळी घालून केलेल्या तपासणीत) पुष्कळदा दोन्ही दिलेली असतात आणि ती एकमेकांचा जोर वाढवतात. फ्लुमाझेनिल त्यातला फक्त मिडाझोलमचा भाग काढतं, तोही श्वासाच्या बाबतीत भरवशानं नाही. म्हणून आधी जबडा पुढं ओढायचा, ऑक्सिजन, गरज पडली तर बॅग-मास्क, म्हणजे तोंडावर मास्क धरून फुगा दाबत श्वास देणं. ॲम्पुल नंतर फोडली तरी चालते. आणि ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९८ टक्के दिसतं म्हणून निवांत बसू नये. आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो, ते बोटावरच्या प्रोबला कळत नाही.

फेंटानिलनं श्वास मंदावला असेल तर त्याचा उतारा नॅलोक्सोन. ०.४ मिलिग्रॅमची ॲम्पुल सलाईन घालून १० मिली करायची, १-१ मिली दर दोन-तीन मिनिटांनी. अख्खी एकदम ढकलली की दुखणं, उलटी, चढलेलं बीपी सगळं सोबतच येतं.

फ्लुमाझेनिल ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या ॲम्पुलमधलं २ मिली, १५ सेकंदांत. मिनिटभर थांबून पुन्हा तेवढंच, एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत. तेवढ्यानंही हालचाल नसेल तर कारण दुसरीकडं शोधायचं. तालुक्याच्या दवाखान्यात फोर्टविन-फेनरगन (वेदनाशामक आणि गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध, अशी जोडी) देऊन पाठवलेला पेशंट असेल तर फेनरगनची गुंगी यानं उतरत नाही.

देण्याआधी एक प्रश्न चुकवू नये: झोपेची गोळी रोज चालू आहे का? आपल्याकडं म्हातारी माणसं "बीपीची गोळी हाय" एवढंच सांगतात आणि वर्षानुवर्षं अल्प्राझोलम, म्हणजे मिडाझोलमच्याच जातीची झोपेची गोळी, खात असतात. अशांना फ्लुमाझेनिलनं झटके येऊ शकतात. गोळ्या खाऊन आलेल्या अनोळखी पेशंटलाही तोच धोका, विशेषतः पोटात डिप्रेशनच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या असतील तर.

फ्लुमाझेनिलचा जोर तासाभरात ओसरतो, मिडाझोलम मात्र अंगात राहतं. वयस्कर माणसात आणखी जास्त वेळ. म्हणजे परभणीत टवटवीत दिसलेले मामा जिंतूरच्या एसटीत मान टाकू शकतात, आणि तिथं जबडा ओढायला कुणी नसतं. शेवटच्या डोसनंतर किमान दोन तास खाटेवर, श्वास पूर्ण मिनिट मोजत. "मला काय झालंय, बरं वाटायलंय की," यावर सुट्टी देऊ नये.

डोक्याचं तर आणखीच अवघड. नाव, गाव, लेकाचा मोबाइल नंबर, सगळं खणखणीत सांगतात. "बैल, विहीर, कंदील" हे तीन शब्द देऊन दहा मिनिटांनी विचारलं की कंदील गायब. स्मरणशक्ती शुद्धीबरोबर परत येतेच असं नाही. त्यामुळं पथ्यपाणी पेशंटला सांगण्यात अर्थ नाही. कागदावर लिहून सोबतच्या माणसाच्या हातात द्यावं. त्यात हेही लिहावं: २४ तास मोटरसायकल नाही, आणि रात्री लाइट आली म्हणून मोटर चालू करायला विहिरीवर जायचं नाही.