घाणेरीचं तेल

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी घाणेरी निवडली तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, जगात दुसरं झाडच नव्हतं का?" खरं कारण आळस. मॅडमनी सुगंधी वनस्पती घ्यायला सांगितली होती आणि हॉस्टेलमागच्या टेकडीवर तिचं, म्हणजे टणटणीचं, रान माजलेलं. मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी शोभेसाठी आणली, ती रानभर झाली. इंग्रजीत तिला 'वाइल्ड सेज'ही म्हणतात, पण खरा सेज तुळशीच्या कुळातला, ही व्हर्बेनेसी कुळातली. तुळशीसारखं चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं बघून मीही आधी फसले होते.

पहिला महिना ब्लेड आणि बटाट्यात गेला. बटाट्याच्या फोडीत पान धरायचं, छेद घ्यायचे, सॅफ्रानिन या लाल रंगात रंगवायचे. काप जाड आला की नुसता लाल चिखल. शेवटी एक पातळ जमला. पानावर दोन तऱ्हेचे केस होते: टोकदार, एका पेशीचे, ज्यांच्यामुळे पान खरखरीत लागतं, आणि त्यांच्यामधून आखूड देठाच्या, गोल डोक्याच्या ग्रंथी. पान चुरगळल्यावर येणारा तो उग्र दर्प या ग्रंथींतला.

मग क्लेव्हेंजर, म्हणजे वाफेबरोबर तेल काढायचं काचेचं उपकरण. 300 ग्रॅम पानं, पाणी, तीन तास उकळणं. नळीत तेल किती? अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही! मी काचेला नाक लावून थेंब मोजत होते. पुरेसं तेल जमवायला आठ वेळा काटे टोचून घेत पानं खुडली. तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या जीसी-एमएस यंत्राच्या अहवालात सर्वात मोठं शिखर कॅरियोफायलीन या घटकाचं निघालं. लवंगेत, मिऱ्यातही असतं ते.

तेलानं जंतू मरतात का ते बघायचं होतं, आणि त्या जिवाणूंच्या प्लेट्सनी खरा घाम काढला. तेल मी इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) विरघळवलं आणि जिवाणू पसरलेल्या प्लेटमध्ये भोकं पाडून त्यांत घातलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकाभोवती जंतू नसलेलं स्वच्छ वर्तुळ! मी नाचायचीच बाकी होते. मॅडमनी नुसत्या इथेनॉलच्या भोकाकडे बोट दाखवलं. तिथेही वर्तुळ. जंतू मारले होते दारूनं. बारा प्लेट्स निर्जंतुक करून टाकून द्यायला ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या.

इथेनॉलऐवजी पातळ केलेलं डीएमएसओ हे द्रावक वापरून पुन्हा केलं तेव्हा स्टॅफिलोकॉकस आणि बॅसिलसभोवती वर्तुळं आली, ई. कोलाय आणि स्युडोमोनास मात्र भोकाच्या कडेपर्यंत खुशाल वाढले. हे दोघे ग्रॅम-निगेटिव्ह गटातले; अशा जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, तेलातले घटक ते सहजी ओलांडत नाहीत.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, "मग जखमेवर लावायचं का?" म्हटलं, "नाही सर, प्लेट म्हणजे कातडी नव्हे." आणि घाणेरी खाऊन गुरं दगावतात ते? ते पानांतल्या लँटाडीन या विषामुळे, ते वाफेबरोबर तेलात येत नाही, असं सांगितलं. सरांनी बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, नाक मुरडलं आणि मार्क लिहायला घेतले.