शेवटचा 'ई'

आज तिसरीच्या इंग्रजीच्या तासाला फळ्यावरच्या 'कॅप'ला शेवटी 'ई' जोडून तो शब्द 'केप' असा वाचायचा, हे सांगितले, तेव्हा लिहिले तसे वाचण्याच्या मराठी शिस्तीत वाढलेल्या मुलांना, स्वतः गप्प राहून दुसऱ्याचा उच्चार बदलणारे हे अक्षर सरळसरळ लबाड वाटले. ('नाइफ'मधला 'के' मात्र त्यांनी निमूट सोसला होता.) २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार, मग आणखी काय होणार! प्रत्येकाने पुठ्ठ्याचा 'ई' कापला आणि 'किट'चा 'काइट', 'टॅप'ची 'टेप' करण्यात तास रंगला. शेवटी एका मुलीने 'हॅव'वर बोट ठेवून विचारले, "बाई, इथला 'ई' झोपलाय का?" इंग्रजीत शब्दाच्या शेवटी 'व्ही' सहसा एकटा ठेवत नाहीत, एवढेच मला सांगता आले, तिचे समाधान झालेले दिसले नाही.