एका कातीपायी अख्खा हंगाम

बॉल पायथन या छोट्या अजगराची मादी ‘६६ टक्के हेट अल्बिनो’ म्हणून विकतात, तेव्हा तुम्ही सापाबरोबर लॉटरीचं तिकीटही घेत असता. अल्बिनो म्हणजे काळा रंगच नसलेला साप. तिचे आईबाप दोघंही हेट, म्हणजे दिसायला साधे, पण अल्बिनोचा एकेक जीन पोटात दडवलेले; दोन आले तरच पिल्लू अल्बिनो. त्यांच्या साध्या रंगाच्या पिल्लांत सरासरी तिघांतली दोन हेट निघतात, तिसरं कोरं. दिसायला तिन्ही सारखीच, काळी-तपकिरी.

मी टेक्सासमध्ये राहते. माझा नर अस्सल अल्बिनो, पिवळा-पांढरा, लाल डोळ्यांचा. मादी हेट निघाली तर साधारण निम्मी पिल्लं अल्बिनो, नाहीतर एकही नाही. पूर्वी अंडी फुटेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. आता टाकलेल्या कातीवरून डीएनए तपासून मिळतो. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्बिनोपणाचं मूळ टीवायआर या जीनमध्ये दाखवलं (२०२२), तेही लोकांनी पाठवलेल्या काती वापरून.

मग मीही एका लॅबला पाठवली कात. आणि बसले.

लॅबच्या पानावर रोज तोच शब्द: ‘प्रक्रियेत’. इकडे थंडी सुरू झालेली, जोडी लावायचे हेच दिवस. मेल केला की उत्तर ठरलेलं, ‘आपल्या संयमाबद्दल आभार’. माझा संयम कधीच संपला होता, पण आभार येतच होते. शेवटी कळवलं काय, तर नमुन्यात पुरेसा डीएनए नाही, नवी कात पाठवा. अहो, साप काय तुमच्या मेलवर कात टाकतो? रोज तिचे डोळे बघायचे, निळसर-दुधी झाले का. झाले, की आणखी काही दिवस. बरं, नमुना नापास का झाला, ते कुणी धड सांगेना. तोवर जोडी लावावी की नाही, याचाही निर्णय होईना, कारण अंडी घातली की मादी पार उतरते. पुढच्या वर्षी घालेलच याची खात्री नाही.

म्हणून सांगते, कात पूर्ण वाळवूनच पाकिटात घाला, ओल राहिली की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. दुसऱ्या सापाच्या डब्यातली कात चुकूनही मिसळू देऊ नका. आणि मुख्य म्हणजे मादी आणल्या आणल्या पहिलीच कात पाठवा, हंगामाची वाट बघू नका.

दुसऱ्या कातीचा निकाल आला: हेट! लॅबवरचा राग तसाच ठेवून मी घरभर नाचले. आईला सांगलीला फोन केला, तर ती म्हणाली, “अगं पण अजगरच ना शेवटी?”

पुढचं सगळं सुरळीत. फक्त अंड्याची वरची बाजू पेन्सिलीने खूण करून ठेवा, उबवताना ते फिरता कामा नये. ३१-३२ अंश, साधारण दोन महिने.

अल्बिनो निघाली ती लगेच विकली गेली. साध्या रंगाची उरलीत, पण बापच अल्बिनो असल्याने ती शंभर टक्के हेट. त्यांच्यासाठी लॅबला एक डॉलरही द्यायचा नाही.