मास्कची झालर: काळी की पारदर्शक?

स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्यासाठी, स्वतःचा मास्क घ्यावा, असे ठरवून दुकानात गेलो की चेहऱ्याच्या मापाआधी रंगाचा प्रश्न समोर येतो: काळा स्कर्ट हवा की पारदर्शक? स्कर्ट म्हणजे काचेच्या चौकटीपासून निघून कपाळ, गाल आणि वरचा ओठ यांना चिकटून बसणारी मऊ झालर. पूर्वी मास्क रबराचे असत आणि बहुतेक काळेच असत. पुढे सिलिकॉन आले. ते मुळातच प्रकाश आरपार जाऊ देणारे असल्यामुळे पारदर्शक मास्क सहज बनू लागले. काळे हवे असल्यास सिलिकॉनमध्ये रंग मिसळावा लागतो.

माझा पहिला मास्क पारदर्शक होता, आणि त्याची निवड मी कोणताही विचार न करता केली होती. अधिक उजेड आत आला तर अधिक दिसेल, इतकाच माझा हिशेब होता. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात, ऊन पाठीशी असताना, तो हिशेब चुकला. खडकाच्या कपारीत शिरलेला मासा पाहण्यासाठी मान वाकवावी, तर काचेवर माझेच गाल आणि पापण्या फिकट तरंगताना दिसत. रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला की खिडकीबाहेरचे शेत नाहीसे होऊन काचेत आपलाच चेहरा दिसू लागतो, तसाच हा प्रकार होता. समोरचे दृश्य डोळ्यांपर्यंत येते ते काचेतून. स्कर्टमधून येणारा उजेड केवळ आपला चेहरा उजळतो आणि त्या उजळलेल्या चेहऱ्याचे प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूवर पडते. काळा स्कर्ट हा आतला दिवा मालवतो.

पाण्याखाली छायाचित्रे काढणारे बहुधा काळा मास्क का वापरतात, हे मला त्यानंतर कळले. कॅमेऱ्याचा पडदा आधीच मंद दिसत असतो. त्यावर काचेतली चकाकी आली, तर चित्र नीट उमटले की नाही हेही कळत नाही. रात्रीच्या डाइव्हमध्ये तर बाजूने पोहणाऱ्या सोबत्याच्या टॉर्चचा झोत पारदर्शक झालरीतून थेट मास्कच्या आत येतो आणि अंधाराला सरावलेले डोळे क्षणभर दिपतात. मात्र काळ्या स्कर्टकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. मालवणच्या किनाऱ्यावर खाड्यांमधून येणाऱ्या गाळामुळे पाणी अनेकदा गढूळ असते, आणि हातभर अंतरावरचेच दिसत असेल तर झालरीचा रंग बदलून त्यात काडीचाही फरक पडत नाही.

पारदर्शक स्कर्टमुळे बाजूचेही दिसते, असे अनेकजण सांगतात. मला हे अर्धेच खरे वाटते. सिलिकॉनमधून वस्तूंचे आकार स्पष्ट दिसत नाहीत. फार तर कोणीतरी शेजारून सरकल्याची सावली जाणवते. आपल्याला किती रुंद दिसणार, हे मुख्यतः काचेचा आकार आणि ती डोळ्यांच्या किती जवळ आहे यावर ठरते.

तरीही पारदर्शक स्कर्टची बाजू मला मनापासून पटली ती माझ्या पत्नीमुळे. तलावातल्या सरावाच्या वेळी मी आग्रहाने माझा नवा काळा मास्क तिला दिला. कमरेएवढ्या पाण्यात डोके बुडवताच ती उसळून वर आली आणि म्हणाली, "अहो, विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय. मला नको हा." पारदर्शक मास्क लावल्यावर तीच पुढचा अर्धा तास शांतपणे पाण्याखाली राहिली. भोवती उजेड आहे ही जाणीव नवख्या माणसाचा श्वास संथ ठेवते, आणि श्वास संथ असेल तर बाकीचे शिकता येते. शिकवणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो: उजळलेल्या मास्कमध्ये शिकणाऱ्याचे डोळे स्पष्ट दिसतात, आणि घाबरलेला माणूस हाताने खूण करण्याआधी त्याचे डोळेच ते सांगतात.

म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्यांना मी पारदर्शक मास्क सुचवतो. ज्यांना पाण्याची भीती उरलेली नाही किंवा ज्यांच्या हातात कॅमेरा आहे, त्यांना काळा. पण दोन्ही सल्ले मास्क चेहऱ्यावर बसल्यानंतरचे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलकासा श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. तो तसाच टिकला तर विचार करण्याजोगा आहे. (मिशा असणाऱ्यांनी या परीक्षेत थोडी खोट गृहीत धरावी. माझ्या ओठावरून पाणी झिरपत असे. नाकाखालची केसांची एक पट्टी काढली, तेव्हा ते बरेच थांबले.)

पारदर्शक सिलिकॉनचे आणखी एक दुखणे म्हणजे त्याचा रंग टिकत नाही. ऊन, त्वचेचे तेल आणि सनस्क्रीन यांनी ते पिवळे पडते, ओले ठेवले तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात, आणि काळ्या रबराच्या फिन्सना (पोहताना पायात घालायच्या पंखांना) चिकटून पिशवीत राहिले तर त्यांचा रंग उचलते. काळा मास्कही जुना होतो, फक्त ते दिसत नाही. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, स्वतंत्र डब्यात ठेवणे हाच त्यावर उपाय आहे. आमच्या घरातला पारदर्शक मास्क आता कडेने चहाच्या रंगाचा झाला आहे. नवा आणू का, असे विचारले की पत्नी आधी तो काळा तर नसेल ना, याची खात्री करून घेते.