बटाटे

"जास्त शिजले तिचे बटाटे," आई मागून म्हणाली.

मी दचकलेच. ती कधी येऊन उभी राहिली, कळलंच नव्हतं. मी बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमनचा १९७५चा 'जान डीलमन' हा सिनेमा बघत होते. ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस. स्वयंपाक, भांडी, दिवे लावणं, दिवे मालवणं. लांबी ३ तास २१ मिनिटं. खरं सांगायचं तर याआधी दोनदा अर्धवट सोडलेला.

दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे बिघडतात. पातेलं हातात घेऊन ती नुसतीच घरात फिरते, कुठे ठेवावं सुचत नाही. पार्श्वसंगीत नाही, कॅमेराही जागचा हलत नाही. 'प्रसंग' म्हणून माझ्या लक्षातही आलं नसतं. आईने मात्र खुर्ची ओढली. "आता हिचं सगळंच बिनसणार."

बिनसतंच. आणि आईने एकही सबटायटल वाचलं नव्हतं.

अकरमन तेव्हा जेमतेम पंचविशीची. तिची आई ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेली. घरातल्या बायकांचे हात लहानपणापासून बघत आलेल्या मुलीने कॅमेरा स्वयंपाकघरात लावला आणि काहीच कापलं नाही. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात समीक्षकांनी हाच सर्वकालीन सर्वोत्तम ठरवला. बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा त्या यादीत पहिल्यांदाच अव्वल आला. (याद्यांचं मला फारसं कौतुक नाही, पण तरी.)

मी मात्र दोन्ही वेळा "यात काही घडतच नाही" म्हणून उठले होते.

"कंटाळा नाही आला?" मी आईला विचारलं.

"कंटाळा कसला? पण फेकले कशाला गं तिने? कुस्करून काहीतरी झालं असतं की."