भैरव, दुपारी दोन वाजता

आमच्या तानपुऱ्याची गवसणी नुसती शोभेची नाही, हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कामवाली सकाळी नऊला पुसून जाते आणि अकराला भोपळ्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. तिला दाखवलं की म्हणते, "दीदी, अभी तो पोंछा था!" खरंच पुसलेला असतो. तिच्यावर कशाला चिडू?

मी माधव संगीत महाविद्यालयात शिकले. आमच्या गुरुजींचा एक नियम होता. थंडीत पहाटे पाचला उठायचं, शाल गुंडाळून बसायचं आणि तास दीड तास नुसता खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, लावायचा. "डिसेंबरातला खर्ज वर्षभर पुरतो," असं म्हणायचे. एका श्वासात सा किती टिकला ते सेकंदांत वहीत लिहायला लावायचे. ती सवय मला अजून आहे. 1989 च्या वहीत चौतीस दिसतात. आता मी अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे आकडा उतरणारच, त्याची तक्रार नाही. पण गेल्या काही वर्षांच्या वह्या समोर ठेवल्या तेव्हा वेगळंच लक्षात आलं. ऑगस्टमध्ये सव्वीस, डिसेंबरात एकोणीस. पुढच्या ऑगस्टला पुन्हा पंचवीस. वय काही पावसाळ्यात कमी होत नाही.

खोकला हटेना म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "चुलीवर स्वयंपाक करता का?" नाही. "घरात कोणी विडी-सिगरेट?" नाही. मग त्यांनी विचारलं की गाताना श्वास कुठून घेता. मी हसले. दोन ताना जोडताना नाकाने श्वास घ्यायला सवड असते कुणाला? तोंड उघडायचं आणि झटक्यात भरून घ्यायचा. नाकातले केस, ओलावा, सगळी चाळणी आम्ही गायक वाऱ्यावर सोडतो. जाडी धूळ नाकाघशात अडकते आणि खोकल्याबरोबर बाहेर तरी पडते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याचे, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही तर रक्तात उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, सगळ्यांशी त्यांचं नातं आहे. माझी तर गेली सातच सेकंदं.

डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली ती मात्र मनाला लागली. थंडीच्या रात्री जमीन गार पडते, तिच्याजवळची हवाही गार होते आणि वर थोडी उबदार हवा झाकणासारखी बसते. खालचा धूर-धुरळा वर जाऊ शकत नाही. ऊन वर येईपर्यंत ते झाकण उठत नाही. म्हणजे गुरुजींची पहाट, ब्राह्ममुहूर्त, खर्जाची वेळ, तीच आता सगळ्यात घाण हवेची वेळ!

2016 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेची यादी आली, तेव्हा या बारीक कणांच्या हिशोबात ग्वाल्हेर जगात दुसरं होतं. पहिलं इराणमधलं जाबोल. आमची वार्षिक सरासरी घनमीटरला 176 मायक्रोग्रॅम. देशाची मर्यादा 40, संघटनेची तेव्हा 10, आता तर 5. महाराज बाड्यावर, आमच्या मुख्य चौकात, महिनाभर त्याचीच चर्चा. दोन वर्षांनी आलेल्या यादीत वरच्या नावांत ग्वाल्हेर नव्हतं. पेढे वाटायचेच काय ते राहिले. 2019 मध्ये केंद्राचा हवा सुधारण्याचा कार्यक्रम निघाला, त्यातल्या शहरांत आपण आहोतच.

येते कुठून ही धूळ? उन्हाळ्यात राजस्थानकडून आंधी येते, ती पूर्वीही यायची, आई दारं-खिडक्या लावून घ्यायची. पण आता थंडीतही आहे. रस्त्यांच्या कडा कच्च्या, कितीही झाडा. दगडाच्या खाणी आणि क्रशर. आपल्या दगडात गारगोटी भरपूर, ती पूड छातीत बसली की निघत नाही. त्या पुडीने सिलिकोसिस झालेल्या दगडफोड्याला माझ्यासारखे सेकंद मोजायची चैन नाही. जवळच्या डबऱ्याकडे भात निघाला की पराळी, म्हणजे शेतात उरलेला पेंढा, पेटते. शिवाय गल्लीतल्या कोपऱ्यावर थंडीत शेकोटी म्हणून टायर नि प्लास्टिक जाळणारे महाभाग, त्यांना मी दोनदा खिडकीतून ओरडले आहे.

आणि स्वर्णरेखा नदी. राणी लक्ष्मीबाईंचा घोडा जिथे अडला म्हणतात ते पाणी. तिचा तळ सिमेंटने बांधून टाकला, पाणी जमिनीत मुरायचं थांबलं आणि वाहतं ते सांडपाणी. आता तिच्यावरून उंच रस्त्याचं काम. फूलबागेकडून जाताना मी तोंडाला पदर लावते, एकाच वेळी वासासाठी आणि धुळीसाठी.

डिसेंबरात तानसेन समारोहाला हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, जाते. 2024 ला शंभरावा झाला. समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. लहानपणी मीही खाल्लाय, आंबट लागला होता. परवा एक पान तोडलं आणि सवयीने आधी पदराला पुसलं. पदर राखाडी झाला. पानाचीही नाकं असतात, खालच्या अंगाला बारीक छिद्रं. धूळ ती बुजवते, ऊनही अडवते. ज्या झाडाकडे गळा मागायचा, त्याचाच श्वास कोंडलेला. पान खाल्लं नाही, पर्समध्ये ठेवलं.

यंदा नोव्हेंबरपासून शिकवणी दुपारी दोनला ठेवली आहे. मुलांपैकी दोघं इन्हेलर घेऊन येतात, पेटीशेजारी ठेवतात. पहिल्या दिवशी भैरव काढला तर त्यातली धाकटी म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, भैरव सकाळचा?"

सांगितलं होतं. रागांच्या वेळेबद्दल तास घेतला होता मी.

"मग आपण दुपारचा सारंग गाऊ," म्हटलं. तेव्हापासून सारंगच चालू आहे. चांगला बसलाय मुलांना. भैरव फेब्रुवारीनंतर बघू.